जत्रेतून आणलेला तरुण घोडा आवरत नाहीये, जाणकारांनी सांगा (इंदूर)

सिमरोळवाला :

नमस्कार मंडळी. राहायला राजेंद्रनगर, शेत सिमरोळच्या पुढे. घरात आजवर कोणी घोडा बाळगलेला नाही, पण मला लहानपणापासून वेड. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो आणि एक मारवाडी कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा) घेऊन आलो. नाव तेजा. व्यापाऱ्याने चार वर्षांचा सांगितला. यात्रेत गरीब गाईसारखा उभा होता, लेकीने नाकावरून हात फिरवला तरी हलला नाही. शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा असा रात्रभर ट्रकमधून आला, तरी कुरकुर नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. आता मात्र चंदीची, म्हणजे दाण्याची, पाटी घेऊन आत गेलं की अंगावर येतो, खांद्याने भिंतीशी ढकलतो. बाहीला, दंडाला चावा घेतो. फाटकातून उसळी मारून निघतो आणि दोर हातातून ओढून नेतो. मागचे पाय उचलू देत नाही, नालबंद हात जोडून परत गेला. सगळ्यात वाईट म्हणजे चालता चालता मध्येच दोन पायांवर उभा राहतो. गावातला एक मुलगा लग्नाच्या घोड्या सांभाळतो. तो तेजावर बसला तर त्याला पाडलं, मनगट सुजलं.

गुढीपाडव्याला आमच्या मंडळाची शोभायात्रा असते. त्यात माझी ११ वर्षांची मुलगी झाशीची राणी होऊन तेजावर बसणार असं घरात ठरलेलं आहे, तिचा फेटासुद्धा आला. बायको म्हणते, विकून टाका. मामा म्हणतात, डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, असा घोडा घरात ठेवू नये. मला विकायचा नाही. नीट कुठून सुरुवात करू?

देवासकर :

भिया, घोडा माणूस ओळखतो. तुम्ही घाबरता हे त्याला कळलंय. काटेरी लगाम चढवा, दोन्हीकडून दोघांनी धरा आणि उभा राहिला की चार फटके. आठवड्यात सरळ होईल. आमच्याकडे सगळे असेच करतात.

बडोद्याची :

देवासकर, माफ करा, पण हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ सालीच जे नियम झाले, त्यांत काटेरी लगामाला मनाई आहे. ते बाजूला ठेवलं तरी तोंडात काटे रुतले की घोडा दुखण्यापासून पळतो, आणि त्याला पुढे, मागे, बाजूला वाट नसली की उरते ती वरचीच. म्हणजे जे थांबवायचंय तेच वाढणार.

सिमरोळवाला, मी बडोद्याला काठेवाडी घोडी सांभाळते, त्याआधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवर शिकले. सल्ला देण्याआधी काही विचारते. तेजा दिवसातला किती वेळ मोकळा असतो? काय आणि किती खातो? खच्ची केलेला आहे का? जवळ दुसरा घोडा आहे का? रोज त्याला हाताळतं कोण, एकच माणूस की येईल तो?

आणि शोभायात्रेचं आजच सांगते. मुलीला त्याच्यावर बसवू नका. या बाबतीत मी तसूभरही मागे हटणार नाही.

सिमरोळवाला :

ताई, एवढ्या आपुलकीने विचारलंत, आभार. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो भिजवलेला हरभरा, वर जव, गव्हाचा कोंडा आणि गूळ. गवताची एक पेंढी रात्री. दिवसभर ठाणावर अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधलेला, संध्याकाळी अर्धा तास फिरवतो. खच्ची केलेला नाही. दुसरा घोडा नाही, समोर गोठ्यात गाई आहेत. सकाळी गडी बघतो, संध्याकाळी मी, रविवारी मुलं गूळ भरवतात.

पागेवाले नाना :

बाळा, माझे आजोबा होळकरांच्या पागेत होते आणि माझं बालपण खरारा करण्यात गेलं, म्हणून हक्काने लिहितो.

आधी त्याचा ओठ वर करून समोरच्या दातांचा फोटो टाक. दुधाचा दात लहान, पांढरा, मुळाशी निमुळता असतो. पक्का दात रुंद आणि पिवळसर. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. व्यापारी काय बोलला ते सोड, दात काय बोलतात ते बघू.

आता चंदी. चार किलो हरभरा, त्यावर जव आणि गूळ! दिवसभर घोडदौड करणाऱ्या जनावराची ही चंदी तू खुंट्याला बांधलेल्या पोराला घालतोयस. ती ताकद जाणार कुठे? तुझ्या अंगावरच येणार. घोडा मोकळा असला की दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो. त्याचं पोट लहान, त्यात थोडं थोडं सतत पडत राहावं अशी त्याची घडण. गवत बारा तास समोर नसलं की तो चिडतो, लाकूड कुरतडतो, पाटी दिसली की झडप घालतो. दाणा उतरव, गवत वाढव. एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू.

भोवऱ्याचं मामांना नमस्कार करून सांग की घोडा आता घरचा झाला. देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, बघून घेतलेले घोडे लाथा मारताना मी पाहिलेत, आणि ज्यांना कोणी हात लावत नव्हतं असे भोवऱ्यावाले आमच्या पागेत म्हातारे झाले.

सिमरोळवाला :

नाना, फोटो टाकलाय. गडी तोंड धरून होता, म्हणून थोडा हलला आहे.

पागेवाले नाना :

दिसतंय पुरेसं. खाली-वर मधलीच जोडी पक्की, बाजूचे सगळे दुधाचे. साडेतीनच्या आतला आहे, माझ्या मते तीनचा. अजून शेंबडं पोर आहे रे ते.

डॉ. शिप्राकाठ :

मी पशुवैद्य आहे, घोड्यांचं काम बरंच केलं आहे. नानांचा दातांचा अंदाज बरोबर वाटतो, आणि त्यामुळे सगळंच बदलतं.

तीन वर्षांच्या घोड्याच्या पुढच्या गुडघ्यांची वाढ बहुतेक पूर्ण झालेली असते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते. या वयात हलकं माणूस, थोडा वेळ, सपाटीवर, तेही जमिनीवरचं शिक्षण झाल्यानंतर. शिवाय दाढांच्या पुढे लहानसा जादा दात असला तर लगाम त्यावर आपटून घोडा डोकं झटकतो. तोंड तपासल्याशिवाय लगाम नको.

वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. उत्तर किलोत. म्हणजे घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन ३४४ किलोच्या आसपास. अशा घोड्याला वजनाच्या २ टक्के, म्हणजे रोज ७ किलो तरी कोरडं गवत हवं. एक पेंढी म्हणजे तो उपाशी आहे, हरभरा कितीही खाल्ला तरी.

कोंड्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे तो फार प्रेमाने घालतात. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम थोडं. रोज भरपूर दिला की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं. वाढत्या घोड्याच्या जबड्याची हाडं सुजतात, चाल बिघडते. एकट्या नेपियर गवतावर ठेवलेल्या घोड्यांतही हेच होतं, त्यातल्या ऑक्झलेटमुळे. कोंडा मूठभर ठेवा. थोडी लसूणघास द्या. सैंधवाचा खडा टांगा. नुसता गव्हाचा भुसा नको, आतड्यात गच्च बसतो. माळव्यात सोयाबीन घराघरात असतं, पण कच्चं सोयाबीन मुळीच घालू नका. पाणी कायम भरलेलं, रोज २५ ते ४० लिटर लागतं.

घोड्याला उलटी होत नाही. म्हणून पोटशूळ म्हणजे धावपळीची वेळ: पाय आपटणं, वळून कुशीकडे बघणं, लोळणं, लीद बंद. अशा वेळी नळीने तेल पाजू नका, फुप्फुसात जातं. डॉक्टरला बोलवा, तोवर खाणं काढून घ्या. एक थर्मामीटर घरी ठेवा, ३७.५ ते ३८.५ अंश हे नेहमीचं. धनुर्वाताची लस टोचली आहे का? जत्रेचा घोडा म्हणून ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणीही करून घ्या. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचं मुख्य ठिकाण आहे, नमुना सरकारी पशुवैद्यामार्फत पाठवता येतो. आणि महू तुमच्यापासून लांब नाही, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दात, जंत, खूर सगळं एकदा दाखवा.

तापीकाठचा :

मी शहाद्याकडचा. सारंगखेडा आमच्या घरचीच यात्रा. एक गोष्ट अजून कोणी विचारली नाही म्हणून विचारतो. हा घोडा नाचाला शिकवलेला आहे का?

यात्रेत नाचणाऱ्या घोड्याला भाव चढतो. त्यामुळे कोवळ्या घोड्यांना आधीच दोन पायांवर उभं राहायला शिकवतात. खूण बहुतेकदा एकच: माणूस समोर येतो, उजवा हात दोरासकट वर करतो, कधी काठी छातीला टेकवतो. सोबत ढोल किंवा ताशा. घोडा उभा राहिला की गूळ. दादा, तुमचा तेजा कदाचित खोडकर नसेलच. त्याला वाटत असेल तुम्ही उभं राहायला सांगताय आणि तो सांगितलेलं ऐकतोय.

आणि यात्रेत शांत का होता? दिवसरात्र गर्दी, धूळ, ट्रकचा प्रवास, खाणं अनियमित. थकलेला बछेरा मान खाली घालून उभाच राहतो. घरी आल्यावर पोट भरलं, झोप झाली, मग खरा घोडा दिसला. जनावर घेताना दुसऱ्या दिवशी पहाटे, न सांगता, पुन्हा जाऊन बघावं असं आमचे वडील म्हणायचे.

सिमरोळवाला :

तापीकाठचे दादा, अंगावर काटा आला. आज मुद्दाम पाहिलं. फाटकापाशी तो पुढे घुसायला लागला की मी समोर जाऊन, दोर धरलेला उजवा हात उंच करून "हो हो" ओरडतो. आज हात खाली ठेवला, बाजूला सरकलो, तर उभा राहिला नाही. मग लांबून नुसता हात वर केला. कान टवकारले, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि पुढचे दोन्ही उचलले. दोराला ताण नव्हता, जवळ कोणी नव्हतं. उतरल्यावर माझ्या खिशाकडे बघत होता.

लष्करकर :

ग्वाल्हेरहून लिहितोय. फौजेत घोड्यांत उमर गेली, सहारनपूरच्या रिमाउंट डेपोत, म्हणजे फौजेचे घोडे तयार करतात तिथेही, होतो. तिथे कोरा घोडा आला की त्याच्या पाठीवर बसायची घाई कोणी करत नाही. आधी जमिनीवरची तालीम. तीच सांगतो.

साधी मजबूत म्होरकी, साडेतीन-चार मीटरचा जाड सुती दोर, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, घडी करून मुठीत धरायचा. गुंडाळलेल्या दोराने बोटं गेलेली मी पाहिली आहेत. उभं राहायचं डाव्या खांद्याशी. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. त्या दोन जागा आपल्या नाहीत.

पहिला धडा: चाल, थांब, एक पाऊल मागे. दोराला हलका ताण द्या आणि थांबा. झटका नाही, ओढाओढ नाही. त्याने केसभर जरी ताणाकडे दिलं तरी त्याच क्षणी दोर सैल. घोडा ताणाने शिकत नाही, ताण सुटण्याने शिकतो. सोडायला उशीर झाला तर तो भलतंच शिकतो. पंधरा-वीस मिनिटं सकाळी, तेवढीच संध्याकाळी, आणि चांगलं काही केलं की तिथेच संपवायचं.

उभा राहायला लागला तर खाली खेचू नका, तोल जाऊन तो मागे पालथा पडू शकतो. दोर ढिला सोडा, बाजूला व्हा, आणि पाय जमिनीला लागले की त्याचं डोकं थोडं आपल्याकडे वळवून मागचा भाग पलीकडे सरकवा. मागचे पाय एकमेकांना ओलांडत चालत असताना घोड्याला उठता येत नाही. हे शांतपणे शंभरदा करून घ्या, म्हणजे वेळेला हाताशी असेल. आणि उठण्याची ती जुनी खूण घरात सगळ्यांनी बंद करायची, मुलांनीसुद्धा. गूळ हातातून नाही, पाटीत. चावणं निम्मं तिथेच थांबेल. चावला म्हणून थोबाडीत मारू नका, तोंड पुढे-मागे करायचा तो खेळ होतो. चार पावलं मागे हटवा आणि कामाला लागा.

फाटकातून गेलं की लगेच सोडायचं नाही. आत नेऊन फाटकाकडे तोंड करून उभा करा, तो श्वास सोडेपर्यंत थांबा, मग म्होरकी काढा आणि आपण आधी मागे सरा.

मागचे पाय: लांब दांड्याच्या मऊ ब्रशने पुठ्ठ्यापासून खाली घासत जा. हलला तरी ब्रश काढू नका, स्थिर झाला की काढा. मग हाताने. पहिल्या दिवशी खूर जमिनीवरून नुसता सुटला तरी पुरे, आणि त्याने ओढून घ्यायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. या वयाच्या घोड्याला मऊ जमिनीवर नाल लागत नाही, पण सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्यावेच लागतात.

कावा द्यायचा, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवायचा, तर मोठा घेर, दोन्ही बाजूंनी, थोडाच वेळ. दमवण्यासाठी गोल गोल पळवणं हा मूर्खपणा आहे. कोवळे सांधे बिघडतात आणि दमायच्या ऐवजी त्याचा दमसास तेवढा वाढतो.

आणि शेवटचं, जे लोकांना आवडत नाही. नवा मालक आणि कोरा घोडा दोघांनी एकमेकांना शिकवू नये. आठवड्यातून दोनदा तरी जाणता माणूस तुमच्याजवळ उभा पाहिजे. इंदूर-महूकडे फौजेतून निवृत्त झालेले सवार सापडतात, शोधा. घोडा त्याच्याकडे पाठवून मोकळं होऊ नका. त्याने तुम्हाला शिकवायचंय.

देवासकर :

लष्करकर साहेब, आमच्या एका घोड्याचं उठणं मारून वाढलंच होतं, हे खरं आहे. तो मागचा भाग सरकवायचा प्रकार जरा अजून सांगाल? हात नेमका कुठे?

लष्करकर :

डावीकडे असाल तर डाव्या हातात दोर म्होरकीपासून वीतभर अंतरावर, नाक किंचित आपल्याकडे. उजवा हात बरगडीच्या मागे, जिथे रिकीब लटकते त्याच्या चार बोटं मागे. बोटांच्या टोकांनी दाबत राहा. त्याचा डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून ओलांडला की हात लगेच काढा. पायाकडे बघा, तोंडाकडे नाही.

राजवाडा चौक :

मुलीचा विषय मागे पडला म्हणून लिहितो. माझी पुतणी इथेच एका क्लबात शिकते. सुदीप्ती हाजेला आपल्या इंदूरची. २०२३ साली हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकारातल्या) सांघिक सुवर्णात ती होती, आणि घोडेस्वारीतलं भारताचं ते ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. तेव्हापासून इथल्या कितीतरी मुलींना घोड्यावर बसायचंय. पण मूल शिकतं ते म्हाताऱ्या, शिकलेल्या घोड्यावर. दहाजणांची चूक पोटात घालणारा घोडा पाहिजे. तुमच्या मुलीला वर्ष-दोन वर्षं तिथे शिकू द्या. तोवर तेजाही पाचाचा होईल.

बडोद्याची :

अगदी. आणि शोभायात्रेत ढोल-ताशे असणार. तापीकाठच्यांनी जे सांगितलं ते लक्षात घ्या: ज्या घोड्याला ताशा म्हणजे "उठ" असं शिकवलंय, त्याच्या पाठीवर लहान मूल, तेही लुगड्यात आणि हातात तलवार. फेटा वाया जाणार नाही, लग्नकार्यात मुरलेली एखादी घोडी भाड्याने घ्या, दोन माणसं धरायला ठेवा.

तेजाला सोबतही हवी. घोडा कळपातला प्राणी. एकट्याला नीट झोपही लागत नाही. आडवा होऊन झोपायचं तर कोणीतरी जागं आहे हा भरवसा लागतो. दुसरा घोडा झेपत नसेल तर एखादं वयस्कर तट्टू किंवा गाढवसुद्धा चालतं. वयस्कर घोडी त्याला अशी रीतभात शिकवेल की आपण सगळे मिळून शिकवू शकणार नाही. पण तो अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, आहे तोवर घोडीजवळ मोकळा सोडता येणार नाही, तेव्हा तो प्रश्न आधी.

पागेवाले नाना :

खच्ची करायची घाई नको असं माझं मत. घोड्याची ऐट जाते. आमच्या पागेत बरेच नर होते, कधी कोणाला मारलं नाही.

डॉ. शिप्राकाठ :

नाना, तुमच्या पागेत प्रत्येक घोड्यामागे त्याची निगा राखणारा मोतद्दार होता, रोज तासन् तास काम होतं आणि पिढ्यान् पिढ्यांची नजर होती. इथे पहिल्यांदाच घोडा ठेवणारं कुटुंब आहे, घरात लहान मूल आहे, आणि पैदास करायची नाही. अशा घरी नर ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. ऐट चालण्यात असते, ती जात नाही. मात्र गैरसमज नको: शस्त्रक्रियेने शिकवणूक येत नाही. हार्मोन उतरायला काही आठवडे, वागणूक निवळायला काही महिने लागतात, आणि पहिले काही आठवडे घोडी गाभण राहू शकते, म्हणून तेवढा वेळ वेगळाच ठेवायचा. धनुर्वाताची लस आधी. माश्या कमी असतात तेव्हा, थंडीत करून घेतलेलं बरं. आणि नाचाची सवय याने जाणार नाही, ती लष्करकरांच्याच मार्गाने जाईल.

पागेवाले नाना :

डॉक्टरीणबाई, मूल घरात आहे हा तुमचा मुद्दा मी मानतो. ऐटीबद्दल मात्र माझं मत माझ्यापाशी.

सिमरोळवाला :

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गवत वाढवलं, हरभरा मुठीवर आणला, कोंडा जवळजवळ बंद. पिछाडी सोडली. विहिरीजवळची पट्टी लाकडी बल्ल्यांनी कुंपण घालून घेतली, तारेचं कुंपण करू नका असं महूच्या डॉक्टरांनीच सांगितलं. दिवसभर तिथे मोकळा असतो. पहिले दोन दिवस नुसता उधळत होता, मग चरायला लागला. ग्लँडर्सची तपासणी निर्दोष आली, लस झाली, त्यांनीच खच्चीही केला. जखम भरली.

महूचे एक निवृत्त दफेदार (घोडदळातले हवालदार) येतात. पहिल्या दिवशी त्यांनी तेजाला हातच लावला नाही. मला दोर धरायला लावला आणि माझे हात बघत बसले. चावणं जवळपास थांबलं आहे. फाटकातून माझ्या खांद्याबरोबर येतो. मागचा डावा पाय देतो, उजवा अजून झटकतो. गावात वरात आली तेव्हा पुन्हा उभा राहिला, पण त्या वेळी कुंपणात एकटाच होता, आणि चार-पाचदा उठून कोणी गूळ देत नाही म्हटल्यावर चरायला गेला.

पाडव्याला मुलगी भाड्याच्या घोडीवर बसली. आधी रुसली होती. आता शनिवार-रविवार क्लबात जाते आणि घरी येऊन मला टाचा खाली ठेवायला सांगते. बायकोने विकायचं बोलणं सोडलं नाही, पण गाजरं तीच चिरून पाटीत टाकते. सोबतीला वयस्कर तट्टू बघतोय.

एक विचारायचं होतं. आमची सगळी काळी माती. पावसाळ्यात तेजाचं काय करू? आत्ताच तयारी करायला हवी ना?

डॉ. शिप्राकाठ :

हो, आत्ताच. ओल्या काळ्या मातीत उभा राहिला की खुराच्या तळव्यातल्या खाचा कुजतात, काळा, वास मारणारा स्राव येतो. रोज खूर कोरून कोरडे करायचे, म्हणून मागचा उजवा पाय जूनच्या आधी हातात यायलाच हवा. निसरड्यावर कावा बंद. पावसानंतर गोमाश्या वाढतात, त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो: ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही रोड होतो. असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या, वाट बघू नका. लीद ठाणापासून लांब टाका.

पागेवाले नाना :

ठाणाची जमीन आजूबाजूपेक्षा हातभर उंच कर. खाली दगडगोटे, वर मुरूम, चांगला धुमस करून, मागच्या बाजूला किंचित उतार म्हणजे मूत वाहून जाईल. मोकळ्या पट्टीतही एक कोपरा मुरमाचा ठेव, पाऊस उघडला की तो तिथेच जाऊन उभा राहील. मुरूम मे महिन्यात टाकून घे, मृग लागला की ट्रॅक्टर शेतात शिरत नाही. आणि उजवा पाय झटकतो म्हणतोस, तर घासताना तू उभा कुठे राहतोस त्याचा फोटो टाक.